परदेशीं संकट आल्यास दाद कोठें मागावी?

महाराष्ट्रांत पुसेगांव या नांवाचीं निदान दोन गांवें आहेत. एक सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यांत, सेवागिरी महाराजांच्या यात्रेमुळें सर्वश्रुत झालेलें. आणि दुसरें मराठवाड्यांत, हिंगोली जिल्ह्याच्या सेनगांव तालुक्यांत वसलेलें. या दुसऱ्या पुसेगांवचा एखादा वृद्ध गृहस्थ काठमांडूच्या किंवा दुबईच्या रुग्णालयांत अर्धवट शुद्धीवर असतां त्यास गांव विचारलें, आणि त्यानें 'पुसेगांव' एवढेंच उत्तर दिलें, तर निरोप शेंकडों किलोमीटर दूर भलत्याच गांवीं जाण्याचा संभव आहे. घरीं असतांना या गोष्टीचें भान कोणास राहत नाहीं; कारण आपल्या गांवांत माणसाला आपली ओळख सांगावी लागत नाहीं. तो कोणाचा कोण, त्याचा मुलगा कोठें नोकरीस आहे, त्याला कोणतें औषध सोसत नाहीं, हें शेजाऱ्यापासून वाण्यापर्यंत सर्वांस ठाऊक असतें. परक्या देशांत पाऊल पडतांच ही सारी जाण एका क्षणांत नाहींशी होते. तेथें संकटाइतकाच हा अनोळखीपणा माणसास घातक ठरतो. म्हणून परदेशांत मदत मिळविण्याची विद्या ही बव्हंशीं आपली ओळख लवकर आणि अचूक पटवून देण्याची विद्या आहे, आणि तिची तयारी घर सोडण्यापूर्वींच करावी लागते, हेंच आजच्या भाषणाचें सूत्र होय.

शहरांत स्थायिक झालेल्या पुष्कळ कुटुंबांचीं मूळ गांवें अशाच खेड्यांत आहेत. मुलें कमावतीं झालीं कीं हौसेनें आईवडिलांस परदेश दाखवितात. कोणी मुलीच्या बाळंतपणासाठीं अमेरिकेस जातात, कोणी यात्रेसाठीं नेपाळांत जातात. तेव्हां हा विषय आतां थोड्या श्रीमंतांपुरता राहिलेला नाहीं.

तसा प्रश्न जुनाच आहे. हिंगोली जिल्ह्यांतील नर्सी हें गांव वारकरी परंपरेंत संत नामदेवांचें जन्मस्थान मानलें जातें, आणि त्याच नामदेवांचें स्थान दूर पंजाबांतील घुमान येथें पूज्य आहे. या प्रांताला दूरचा प्रवास अपरिचित नव्हता. काशी, प्रयाग, गया येथें जाणाऱ्या यात्रेकरूची सोय पूर्वीं कशी लागत असे? तेथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गांववार आणि कुळवार नोंदी असत. यात्रेकरूनें गांव व आडनांव सांगितलें कीं उपाध्याय वही उघडून त्याच्या आज्यापणज्याचें नांव वाचून दाखवीत. एकदां ओळख पटली म्हणजे उतरण्यास जागा, आजारांत शुश्रूषा, वाटखर्चास उसनवार आणि घरीं निरोप, या चारही गोष्टींची आशा धरतां येत असे. रोकड बरोबर बाळगण्याऐवजीं सावकाराची हुंडी नेण्याची चाल होती. फार काय, १९४८ सालापर्यंत हिंगोली निजामाच्या राज्यांत असल्यामुळें पैनगंगेपलीकडे वऱ्हाडांत जातांना देखील निजामी हाली सिक्का मोडून इंग्रजी कलदार रुपये घ्यावे लागत. परका अंमल आणि परकें नाणें यांचा अनुभव या भागांतील जुन्या पिढीस उंबरठ्यापाशींच येत असे.

उपाध्यायांच्या त्या वहीचें काम आज पासपोर्ट करतो. पासपोर्ट म्हणजे विमानतळावर शिक्का मारून घेण्याचें पुस्तक, एवढीच पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः त्याच्या आरंभींच भारताच्या राष्ट्रपतींच्या नांवें सर्व संबंधितांस विनंती केलेली असते, कीं या पुस्तकाच्या धारकास अडथळा न करतां जाऊं द्यावें आणि त्यास गरज पडेल तें साहाय्य व संरक्षण द्यावें. म्हणजे पासपोर्ट हें एक शिफारसपत्रच आहे. आणि शिफारसपत्राचा उपयोग तें हाताशीं असेल तरच होतो. नेपाळ व भूतान या दोन देशांत भारतीय नागरिकास पासपोर्टवांचून जातां येतें. विमानानें नेपाळांत जाणाऱ्यास पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचें मतदार ओळखपत्र चालतें. परंतु सवलत आहे म्हणून पासपोर्ट कपाटांत ठेवून निघणें शहाणपणाचें नाहीं. सवलत सीमा ओलांडण्यापुरती असते. संकटांत ओळख पटविण्यास जितके कागद असतील तितके थोडेच.

आतां प्रत्यक्ष संकटाकडे वळूं. अपघात झाला किंवा छातींत कळ आली कीं बहुतेकांच्या मनांत पहिला विचार येतो तो घरच्या मंडळींचा, किंवा आपल्या देशाच्या वकिलातीचा. हा क्रम चुकीचा आहे. पहिला हात नेहमीं त्या देशाचाच असतो. २३ ऑगस्ट २०२४ रोजीं पोखऱ्याहून काठमांडूकडे जाणारी एक बस नेपाळच्या तनहूं जिल्ह्यांत रस्ता सोडून मर्स्यांगदी नदीकडे कोसळली. तींत जळगांव जिल्ह्यांतील, मुख्यतः वरणगांव आणि भुसावळ या भागांतील यात्रेकरू होते. त्यांपैकीं सत्तावीस जणांचा अंत झाला. त्या वेळीं प्रथम दरींत उतरले ते नेपाळचे पोलीस आणि सैनिक. जखमींस उपचारासाठीं काठमांडूस नेलें तेंही तेथील यंत्रणेनेंच. भारतीय वकिलातीनें नातेवाइकांसाठीं दूरध्वनीचा क्रमांक जाहीर केला, आणि पुढें भारतीय हवाईदलाच्या विमानानें मृतांस जळगांवीं आणण्यांत आलें. या दुःखद घटनेंत मदतीचा खरा क्रम दिसतो: प्रथम स्थानिक यंत्रणा, मग वकिलात, मग स्वदेश. वकिलात कितीही तत्पर असली तरी ती राजधानींत असते. दरी मात्र शंभर किलोमीटर दूर असूं शकते.

म्हणून ज्या देशांत जावयाचें तेथील तातडीचा क्रमांक पाठ असणें हें पहिलें कर्तव्य. युरोपीय संघाच्या सर्व देशांत ११२ हा एकच क्रमांक आहे. तसा निर्णय १९९१ सालीं झाला. ब्रिटनमध्यें ९९९ चालतो, आणि तो लंडन शहरांत १९३७ सालीं सुरू झाला. तेथें ११२ देखील चालतो. अमेरिकेंत आणि कॅनडांत ९११, ऑस्ट्रेलियांत ०००, न्यूझीलंडमध्यें १११. जपानांत पोलिसांसाठीं ११०, तर अग्निशमन व रुग्णवाहिकेसाठीं ११९. सिंगापुरांत पोलीस ९९९ आणि रुग्णवाहिका ९९५. दुबई ज्या संयुक्त अरब अमिरातींत आहे तेथें पोलीस ९९९ आणि रुग्णवाहिका ९९८. थायलंडमध्यें रुग्णवाहिकेसाठीं १६६९ असून प्रवाशांसाठीं स्वतंत्र पोलीस आहेत, त्यांचा क्रमांक ११५५. नेपाळांत पोलीस १००, रुग्णवाहिका १०२ आणि पर्यटक पोलीस ११४४. श्रीलंकेंत रुग्णवाहिकेसाठीं १९९०. ही सेवा २०१६ सालीं भारताच्या साहाय्यानेंच सुरू झाली. मोबाइल फोनवरून ११२ लावला असतां पुष्कळ देशांत तो आपोआप स्थानिक तातडीच्या सेवेस जोडला जातो, हेंही लक्षांत ठेवण्यासारखें आहे. तथापि अशा क्रमांकांत फेरफार होऊं शकतो. म्हणून निघण्याच्या आठवड्यांत एकदां ताडा घेऊन ते कागदावर उतरून ठेवावे.

क्रमांक लागला तरी बोलावें कसें, हा पुढचा प्रश्न. घाबरलेला माणूस प्रथम हकीकत सांगूं लागतो, आणि ठिकाण सांगण्यापूर्वींच फोन तुटतो. योग्य क्रम याच्या उलट आहे. प्रथम ठिकाण, मग काय झालें, मग किती माणसांस इजा झाली, आणि शेवटीं आपला फोन क्रमांक. ठिकाणाचें नांव उच्चारतां येत नसेल तर रस्त्यावरील मैलाचा दगड, पुलाचा क्रमांक, दुकानावरची पाटी, यांपैकीं जें दिसेल तें सांगावें. पलीकडचा मनुष्य सांगेपर्यंत फोन खालीं ठेवूं नये. ज्या हॉटेलांत उतरलों त्याचें स्थानिक लिपींत छापलेलें कार्ड खिशांत असावें. वाट चुकल्यास तें कोणत्याही टॅक्सीवाल्यास दाखवितां येतें. भाषा येत नसेल तर जवळच्या दुकानदारास किंवा हॉटेलच्या नोकरास फोन करण्यास सांगावें. मदत मागण्यांत कमीपणा मानण्याची आपल्या मध्यमवर्गांत एक खोड आहे. 'लोकांस त्रास कशाला' म्हणून छातींतली कळ रात्रभर सोसणारे गृहस्थ आपल्या सर्वांच्या नात्यांत असतात. घरीं हा भिडस्तपणा खपून जातो. परदेशांत तो जिवावर बेततो.

स्थानिक मदतीनंतरची पायरी वकिलातीची. वकिलात हा शब्द मराठी माणसास नवा नाहीं. पेशवाईंत दिल्लीच्या दरबारीं मराठ्यांची वकिलात हिंगणे घराण्याकडे होती. परंतु ते वकील राज्याच्या कामासाठीं असत. एखाद्या सामान्य वाटसरूची वास्तपुस्त हा त्यांच्या नेमणुकीचा मुख्य हेतु नव्हता. परदेशांतील सामान्य नागरिकाची काळजी वाहणारा जो अधिकारी, त्यास कॉन्सल म्हणतात. त्याचीं कर्तव्यें १९६३ सालीं व्हिएन्ना येथें झालेल्या आंतरराष्ट्रीय करारानें निश्चित केलीं, आणि भारत त्या करारांत १९७७ सालीं सामील झाला. राजधानींत वकिलात असते, आणि मोठ्या देशांत इतर शहरींही कॉन्सल कचेऱ्या असतात. तातडीच्या प्रसंगासाठीं त्यांचा निराळा दूरध्वनीक्रमांक असतो. तो निघण्यापूर्वींच टिपून घ्यावा.

या कचेरीकडून काय मिळतें आणि काय मिळत नाहीं, हें आधींच समजलेलें बरें. कारण अवास्तव अपेक्षेमुळें संकटांत दुहेरी निराशा पदरीं येते. कॉन्सल नवे कागद देतो. घरच्यांस निरोप पोंचवितो. डॉक्टरांची, वकिलांची व दुभाष्यांची नांवें सांगतो. तुरुंगांत किंवा रुग्णालयांत भेटीस येऊं शकतो. मृत्यु झाल्यास देह स्वदेशीं पाठविण्याचें संमतिपत्र देतो. परंतु तो रुग्णालयाचें बिल किंवा दंड भरण्यास बांधलेला नाहीं. कोर्टांत आपला वकील म्हणून उभा राहत नाहीं. पोलिसांच्या तपासांत हात घालीत नाहीं. आणि त्या देशाच्या कायद्यांतून कोणासही सोडवूं शकत नाहीं. मात्र अगदींच निराधार झालेल्या नागरिकासाठीं २००९ सालीं भारतीय समुदाय कल्याण निधि स्थापन झाला. त्यांतून गरजूंची परिस्थिति पाहून तात्पुरता निवारा, परतीचें तिकीट, तातडीचे उपचार किंवा पार्थिव देह आणण्याचा खर्च यांस साहाय्य होऊं शकतें. हा हक्काचा पैसा नव्हे, अडल्यानडल्यांची शिदोरी आहे, एवढें ध्यानांत ठेवावें. वकिलातीकडून उत्तर मिळत नसेल, तर परराष्ट्र खात्यानें २०१५ सालीं सुरू केलेल्या 'मदद' या संगणकीय व्यवस्थेंत घरच्या माणसांनाही तक्रार नोंदवितां येते.

सर्वांत अधिक घडणारें संकट म्हणजे पासपोर्ट हरवणें. तो हरवल्याचें कळतांच जवळच्या पोलीस ठाण्यांत नोंद करावी आणि नोंदीची प्रत मागून घ्यावी. या प्रतीवांचून पुढचें पाऊल अडतें. ती प्रत, हरवलेल्या पासपोर्टची नक्कल आणि छायाचित्रें घेऊन कॉन्सल कचेरींत जावें. तेथें नवा पासपोर्ट मिळूं शकतो. आणि वेळ नसेल तर तातडीचें प्रमाणपत्र मिळतें. त्यावर केवळ भारतांत परत येतां येतें, पुढचा प्रवास करतां येत नाहीं. जुन्या पासपोर्टाबरोबर त्यावरील व्हिसाही गेलेला असतो. म्हणून कित्येक देशांत बाहेर पडण्यासाठीं तेथील सरकारची निराळी परवानगी लागते. ज्याच्यापाशीं पासपोर्टची नक्कल आहे त्याचें काम लवकर होतें, आणि ज्याच्यापाशीं नाहीं त्यास आपण कोण हें सिद्ध करण्यापासून आरंभ करावा लागतो. एका पानाच्या नकलेची किंमत त्या दिवशीं कळते.

आजाराचें संकट निराळ्या जातीचें आहे. येथें माणुसकी कमी पडत नाहीं, पैसा कमी पडतो. पुष्कळ देशांत परक्या प्रवाशास उपचाराचा सर्व खर्च स्वतः सोसावा लागतो. अमेरिकेंतील रुग्णालयाचें बिल पाहून सधन कुटुंबेंही हबकतात. यासाठीं प्रवासी विमा. युरोपांतील शेंगेन देशांचा अल्पमुदतीचा व्हिसा हवा असेल तर निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचाच आहे. इतर ठिकाणीं सक्ती नसेल तेथेंही तो घ्यावा. मात्र विम्याचा कागद पेटींत टाकण्यापूर्वीं तीन गोष्टी वाचाव्या: आधींपासून असलेले मधुमेह, रक्तदाब असे विकार त्यांत धरले आहेत काय, रुग्णालयांत दाखल होतांच कोणत्या क्रमांकावर कळवावयाचें, आणि बिल विमा कंपनी परस्पर भरणार, कीं आधीं आपण भरून मागाहून मागावयाचें. विकार लपवून घेतलेला विमा हा छिद्र पडलेल्या होडीसारखा आहे; कांठावर असेपर्यंत ती होडी दिसते, पाण्यांत उतरल्यावर तिचा उपयोग नाहीं.

नेहमींचीं औषधें बरोबर नेतांना डॉक्टरांची चिठ्ठी असावी, आणि तींत औषधाचें व्यापारी नांव नसून मूळ द्रव्याचें नांव असावें. कारण व्यापारी नांवें देशोदेशीं बदलतात. आपल्याकडे सहज मिळणारीं खोकल्याचीं व वेदनाशामक औषधें कांहीं देशांत अंमली पदार्थांच्या यादींत असतात. इतकेंच काय, अनारशांवर लावण्याची खसखसही संयुक्त अरब अमिरातींत, सौदी अरेबियांत आणि सिंगापुरांत निषिद्ध आहे, कारण ती अफूच्या झाडाचें बीं होय. मुलाकडे दुबईस जाणाऱ्या आईनें प्रेमानें डब्यांत भरलेली वस्तु विमानतळावर तिच्याच अंगाशीं येऊं शकते. अडाणीपणानें झालें, ही सबब कायद्यापुढें क्वचितच टिकते.

येथून तिसऱ्या आणि अधिक कठीण प्रसंगाकडे येऊं, तो म्हणजे अटक. व्हिएन्ना कराराचें ३६ वें कलम परक्या देशांत पकडल्या गेलेल्या माणसाचें मोठें बळ आहे. पकडलेल्या परकीयास त्याचा हक्क सांगणें, त्यानें मागणी केल्यास त्याच्या देशाच्या कॉन्सलास विलंब न लावतां कळविणें, आणि कॉन्सलास त्याची भेट घेऊं देऊन त्यासाठीं वकील नेमूं देणें, हीं त्या देशावर बंधनें आहेत. या कलमाचें महत्त्व एका महाराष्ट्रीयाच्या खटल्यानें जगापुढें आलें. भारतीय नौदलाचे माजी अधिकारी कुलभूषण जाधव यांना पाकिस्ताननें मार्च २०१६ मध्यें पकडल्याचें जाहीर केलें, त्यांच्यावर हेरगिरीचा आरोप ठेवला आणि एप्रिल २०१७ मध्यें तेथील लष्करी न्यायालयानें देहांताची शिक्षा दिली. भारतानें आरोप नाकारला आणि कॉन्सलास भेटूं दिलें नाहीं याबद्दल हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयांत दाद मागितली. नागपुरांत वाढलेले विधिज्ञ हरीश साळवे यांनीं केवळ एक रुपया घेऊन भारताची बाजू मांडली. १७ जुलै २०१९ रोजीं न्यायालयानें पंधरा विरुद्ध एक अशा मतांनीं ठरविलें, कीं पाकिस्ताननें ३६ व्या कलमाचा भंग केला असून शिक्षेचा परिणामकारक फेरविचार झाला पाहिजे. आरोप हेरगिरीचा असला तरी हा हक्क नाहींसा होत नाहीं, हें त्यांत स्पष्ट झालें.

जाधवांचें प्रकरण सामान्य प्रवाशाचें नव्हे. परंतु हेरगिरीसारख्या आरोपांतही जो हक्क उरतो, तो रस्त्यावरील किरकोळ गुन्ह्यांत किंवा गैरसमजांत तर निश्चितच असतो. मात्र यांतला 'मागणी केल्यास' हा शब्द विसरूं नये. पुष्कळ वेळां पकडलेला मनुष्य घरीं बोभाटा होईल या लाजेनें गप्प बसतो, आणि तीच त्याची पहिली चूक ठरते. शांतपणें, आवाज न चढवितां, 'मी भारतीय नागरिक आहें, माझ्या देशाच्या वकिलातीस कळवा' हें एक वाक्य पुन्हां पुन्हां सांगावें. न समजणाऱ्या भाषेंतील कागदावर सही करूं नये, दुभाषा मागावा. लांच देऊन सुटका होईल, या आशेनें नवा गुन्हा ओढवून घेऊं नये.

शेवटचें संकट सार्वत्रिक: युद्ध, दंगा, भूकंप किंवा साथ. अशा वेळीं एकट्या माणसाची शक्ति चालत नाहीं, राष्ट्राचीच लागते; आणि भारतानें ती अनेकदां दाखविली आहे. १९९० सालीं इराकनें कुवेत व्यापल्यावर तेथें अडकलेल्या एक लाखाहून अधिक भारतीयांस विमानांनीं परत आणण्यांत आलें. २०१५ सालीं येमेनमधून आणि २०२२ सालीं युक्रेनमधून नागरिकांची सुटका झाली. युक्रेनमध्यें वैद्यकीय शिक्षण घेणारीं महाराष्ट्रांतील पुष्कळ मुलें त्यांत होतीं. युक्रेनची हकीकत विशेष बोधप्रद आहे. आकाशमार्ग बंद झाल्यामुळें मुलांना आगगाडीनें, बसनें आणि शेवटीं कित्येकांना कडाक्याच्या थंडींत पायीं चालून पोलंड, रुमानिया, हंगेरी यांच्या सीमा गांठाव्या लागल्या. विमानें सीमेपलीकडून सुटलीं. म्हणजे सरकारचें विमान तयार असलें तरी तेथवर जाण्याची वाट स्वतः काढावी लागते, आणि कोणत्या वाटेनें निघावें हें वकिलातीच्या सूचनेवरून ठरवावें लागतें. २०२० च्या साथींत ७ मेपासून परतीचीं विमानें सुरू झालीं, तेव्हां प्रवाशांनीं भाडें स्वतः दिलें. तेव्हां परतीपुरता पैसा हाताशीं असणें हेंही तयारींतच मोडतें. ज्या देशांत अधिक दिवस राहावयाचें, तेथील वकिलातीच्या नोंदवहींत आपलें नांव, पत्ता व फोन नोंदवून ठेवावा. संकटांत कोणास शोधावयाचें याची यादी तेथूनच तयार होते, आणि जो यादींत नाहीं त्यास शोधण्यास वेळ लागतो.

आतां घरीं राहणाऱ्यांविषयीं दोन शब्द. परदेशांतील माणसाची अर्धी मदत घरूनच होत असते. त्याच्या पासपोर्टची, व्हिशाची, विम्याची आणि तिकिटाची नक्कल घरीं एका पाकिटांत असावी, आणि कोणत्या तारखेस तो कोठें उतरणार याचें टिपण बरोबर असावें. दोन दिवस फोन आला नाहीं तर कोणी, कोणास विचारावयाचें, हें आधींच ठरवून ठेवावें. नाहींतर पांच नातेवाईक पांच कचेऱ्यांस पांच तऱ्हेची माहिती देतात. याच काळजीचा गैरफायदा घेणारे लोकही असतात. 'तुमचा मुलगा अमक्या देशांत पकडला गेला आहे, ताबडतोब पैसे पाठवा' असा फोन आला तर पैसे पाठविण्यापूर्वीं मुलाच्या नेहमींच्या क्रमांकावर विचारावें, आणि वकिलातीकडून खात्री करून घ्यावी. घरच्यांपुरता ठाऊक असा एखादा प्रश्न ठरवून ठेवल्यास तोतया तेथेंच अडखळतो. सदाशिवरावभाऊंच्या तोतयानें एकदां सारी पेशवाई हलविली होती. ओळख पारखून घेण्याचा धडा मराठी घरांस निराळा शिकवावयास नको.

एवढ्या विवेचनाचें सार एका कागदावर मावतें. त्या कागदावर प्रवाशाचें पासपोर्टवर आहे तसेंच संपूर्ण नांव लिहावें. पत्ता लिहितांना केवळ 'पुसेगांव' नव्हे, तर तालुका सेनगांव, जिल्हा हिंगोली, राज्य महाराष्ट्र आणि पिनकोड, असा पुरा लिहावा. रक्तगट, जुने विकार, चालूं असलेलीं औषधें आणि न सोसणारीं औषधें नमूद करावीं. घरच्या दोन माणसांचे फोन क्रमांक आरंभीं भारताचा ९१ हा संकेत घालून द्यावे. खालीं विम्याचा क्रमांक, वकिलातीचा तातडीचा क्रमांक आणि त्या देशाच्या पोलिसांचा व रुग्णवाहिकेचा क्रमांक असावा. मजकूर इंग्रजींत असावा व घरच्या वृद्धांसाठीं मराठींतही असावा. एक प्रत खिशांत, एक सोबत्यापाशीं, एक घरीं. हें करण्यास अर्धा तास पुरतो.

प्रवासाची तयारी म्हणजे चिवडा, लाडू आणि लोकरीचे कपडे अशी समजूत घरोघर असते. तीं तयारी अवश्य करावी. परंतु ज्या दिवशीं माणसाच्या तोंडून शब्द फुटत नाहीं, त्या दिवशीं त्याच्या वतीनें बोलणारा हा कागदच असतो. गांव ज्याला ओळखतें त्याला जगानेंही ओळखावें, अशी ज्यांची इच्छा असेल, त्यांनीं आपल्या माणसांस निरोप देण्यापूर्वीं तो कागद त्यांच्या हातीं द्यावा.